तळे, नाला आणि खाडीची कड: ठाण्यातील पाण्याच्या जुन्या नोंदी शोधण्याची आणि वाचण्याची पद्धत

ठाण्यात एखाद्या सोसायटीच्या आवारात पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचले की कोणी सांगते इथे पूर्वी नाला होता, कोणी सांगते तळे होते, तर एखादे आजोबा म्हणतात की ही सगळी खाजणाची, म्हणजे भरतीचे खारे पाणी चढणारी, जमीन. तिघांचेही म्हणणे खरे असू शकते, परंतु महापालिकेत, सुनावणीत किंवा विकास आराखड्यावरील हरकतीत त्यातले काहीही कागदाशिवाय उभे राहत नाही. तो कागद कोठे मिळतो, कोणत्या क्रमाने मागावा आणि हाती आल्यावर त्यातून किती निष्कर्ष काढावा, हे या लेखात सांगायचे आहे. उदाहरणे ठाणे शहराची आहेत, पण पद्धत खाडीपलीकडच्या नवी मुंबईलाही लागू पडते. तेथे जो फरक पडतो तो त्या त्या ठिकाणी नोंदवला आहे.

आरंभी एक गोष्ट पक्की धरावी. कागदावर पाण्याची कड ही एक रेघ नसते. ज्या जमिनीवर सारा बसतो ती कोठे संपते हे महसूल खात्याला हवे असते, म्हणून त्याची रेघ पिकाऊ जमिनीच्या बांधावर थांबते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा सर्वेक्षक पाऊस संपल्यावर फिरतो, म्हणून त्याची रेघ कोरड्या ऋतूतली असते. नौकानयनाच्या तक्त्यावरील खोली अगदी खालच्या ओहोटीपासून मोजलेली असते, तर किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा भरतीच्या वरच्या रेषेवर उभा असतो. या चार रेघा एकमेकींवर ठेवल्या आणि त्या जुळल्या नाहीत, तर भराव झाला असे लगेच समजू नये. कोणी, कशासाठी आणि कोणत्या ऋतूत रेघ ओढली हे प्रत्येक कागदाबाबत आधी विचारावे.

पहिले काम: जागेचे महसुली नाव शोधणे

आजची नगरे, कॉम्प्लेक्स आणि बसथांब्यांची नावे जुन्या दप्तरात सापडत नाहीत. दप्तर महसुली गावाने लावलेले असते: चेंदणी, उथळसर, नौपाडा, पाचपाखाडी, कोपरी, माजिवडे, बाळकुम, ढोकाळी, कोळशेत, कावेसर, ओवळे, आणि पलीकडे कळवा, विटावा, ऐरोली, रबाळे, घणसोली. म्हणून प्रथम आपल्या जागेचे महसुली गाव आणि सर्वे नंबर काढावा. सोसायटीच्या खरेदीखतात, अकृषिक परवानगीच्या आदेशात किंवा मालमत्ता पत्रकावर तो मिळतो. मालमत्ता पत्रकावर केवळ नगर भूमापन क्रमांक असेल, तर नगर भूमापन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्या क्रमांकाशी जुळणारा जुना सर्वे नंबर विचारावा. हा एक आकडा हाती असल्याशिवाय पुढच्या कोणत्याही कार्यालयाची पायरी चढण्यात अर्थ नाही.

जिल्ह्याच्या सीमाही लक्षात ठेवाव्यात. ठाणे शहर साष्टीच्या भूभागावर आहे आणि जुन्या कागदांत ते साष्टी तालुक्याखाली शोधावे लागते. १८८२ च्या गॅझेटिअरात, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात, पनवेल ठाणे जिल्ह्यात दिसते, पुढे ते कुलाबा जिल्ह्यात गेले, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. त्यामुळे बेलापूरच्या दक्षिणेकडची एखादी खाडी शोधणाऱ्याने दोन्ही जिल्ह्यांची दप्तरे पाहावीत. इंग्रजी कागदांत गावांची स्पेलिंगे दर पिढीला बदललेली आहेत, म्हणून शोधताना उच्चाराच्या तीन-चार शक्यता सोबत लिहून घ्याव्यात.

दुसरे काम: गावनकाशा, टिपण आणि पोटखराब

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा, कारण छोट्या तळ्याचा आणि ओढ्याचा सर्वांत तपशीलवार पुरावा महसुली मोजणीतच असतो, आणि नेमका तोच लोक वगळतात.

गावनकाशाची प्रत उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात नकलेचा अर्ज करून मिळते. त्याआधी महाभूनकाशा या शासकीय संकेतस्थळावर आजचा डिजिटल नकाशा पाहावा आणि ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आपल्या तालुक्याचे जुने फेरफार व सातबारा स्कॅन झालेले आहेत का ते तपासावे. डिजिटल नकाशा सोयीचा असला तरी तो मूळ कागदावरून पुन्हा रेखाटलेला असतो. त्या प्रक्रियेत तळ्याची खूण, विहिरीचा ठिपका, ओढ्याची दुहेरी रेघ असे बारकावे गळू शकतात, म्हणून मूळ नकाशाची नक्कल घ्यावीच.

मूळ नकाशात मोठा नाला हा क्रमांक नसलेल्या पट्ट्यासारखा दोन सर्वे नंबरांच्या मधून जाताना दिसतो. लहान ओढा मात्र एखाद्याच्या सर्वे नंबरातच गणलेला असतो, आणि त्याचा माग सातबाऱ्याच्या पोटखराब या रकान्यात लागतो. पोटखराब म्हणजे सर्वे नंबरातली सारा न बसवलेली जमीन, आणि तिचे दोन वर्ग असतात. वर्ग ‘अ’ म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन. वर्ग ‘ब’ म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली, वहिवाटीच्या रस्त्याखालची, किंवा धारकाखेरीज इतर लोक सिंचनाला वा पिण्याला ज्याचे पाणी वापरतात अशा तळ्याखालची व ओढ्याखालची जमीन. एखाद्या जुन्या सातबाऱ्यावर पोटखराब ‘ब’ मध्ये काही गुंठे असतील, गावनकाशावर त्याच नंबरातून वळणाची रेघ जात असेल आणि आज तेथे इमारतीचा पाया असेल, तर पुढच्या तपासाला भक्कम आधार मिळाला असे समजावे. यासाठी आजचा संगणकीकृत सातबारा पुरेसा नाही. जितका जुना हस्तलिखित उतारा मिळेल तितका घ्यावा आणि मधल्या प्रत्येक फेरफाराचा क्रमांक जुळवावा.

यानंतर टिपण मागावे. टिपण म्हणजे एका सर्वे नंबराची मोजणीच्या वेळची कच्ची आकृती. ती प्रमाणात काढलेली नसते, पण तिच्यावर मोजलेली अंतरे लिहिलेली असतात. ती साखळी आणि आण्यांत असतात: एक साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. एवढे हिशेब माहीत असले की टिपणावरील ‘३ साखळी ८ आणे’ या नोंदीतून ओढ्यापासून बांधाचे अंतर साडेतीन साखळ्या, म्हणजे ११५ फूट ६ इंच, असे थेट काढता येते. गावनकाशावर पट्टी ठेवून काढलेल्या अंतरापेक्षा हे अंतर केव्हाही अधिक विश्वासार्ह, कारण कागद आकसतो, घड्या पडतात आणि झेरॉक्सचे प्रमाण बदलते. पोटहिस्से पडले असतील तर फाळणीचे टिपण, तसेच क्षेत्रासाठी आकारबंद, म्हणजे प्रत्येक सर्वे नंबराचे क्षेत्र व आकारणी नोंदवणारी नोंदवही, आणि अलीकडे मोजणी झाली असल्यास तिची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीनंतर अर्जदाराला मिळणारी नकाशाची प्रत, हेही कागद मागावेत.

खाडीकाठच्या गावांत आणखी एक थर असतो. ठाण्याच्या खाडीलगतची बरीचशी भातजमीन ही बांध घालून समुद्राकडून मिळवलेली खार जमीन होती आणि तिच्यासाठी शिलोत्री नावाची वेगळी धारणापद्धत होती. बांध घालणाऱ्याकडे त्याची निगा राखण्याची जबाबदारी असे. अशा जमिनीच्या कागदांत बांध, उघाडी आणि खाजण हे शब्द शोधावेत. उघाडी म्हणजे ओहोटीला आतले पाणी सोडणारे आणि भरतीला बंद होणारे दार. तिची जागा नकाशावर सापडली की आतल्या सगळ्या ओढ्यांचे तोंड सापडले, कारण पाणी तेथूनच बाहेर पडत असे. सरकारी खारबांधांची कागदपत्रे खारभूमी विकास यंत्रणेकडे आणि मिठागरांची कागदपत्रे मीठ आयुक्तांच्या यंत्रणेकडे असतात. दोन्हीकडे अर्ज करताना गाव आणि सर्वे नंबर द्यावा, मिठागराचे स्थानिक नाव माहीत असल्यास तेही लिहावे.

मालकीच्या प्रश्नात कोणी ‘तळे खासगी आहे’ असे म्हटले, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम २० वाचून ठेवावे. भरतीच्या रेषेखालचा खाडीचा तळ, नद्या, ओढे, नाले, सरोवरे व तलाव, दुसऱ्या कोणाचा हक्क सिद्ध झालेला नसल्यास, राज्य शासनाच्या मालकीचे ठरतात. मासेमारी किंवा पाणवाटेच्या वहिवाटीचा प्रश्न असेल, तर कलम १६५ खालील वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावातल्या रूढ वहिवाटींची नोंद करणारा दस्तऐवज, त्या गावाचा तयार झाला होता का, हे तहसील कार्यालयात विचारावे.

तिसरे काम: सर्वेक्षण विभागाचे नकाशे आणि सागरी तक्ते

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मालिकेत ठाणे शहर ४७ ए/१६ या शीटवर येते. ७३ अंश रेखावृत्त ऐरोली-वाशीच्या जवळून जात असल्याने खाडीचा पूर्व काठ आणि नवी मुंबईचा मोठा भाग ४७ ई/४ वर जातो, तर पनवेलसाठी ४७ एफ/१ पाहावी लागते. अभ्यासक अनेकदा पहिलीच शीट मिळवून थांबतात आणि खाडीचा एकच काठ पाहून लेख लिहितात! दोन्ही शीट एकाच आवृत्तीच्या नसल्या, तर रेखावृत्तावर किनारा तुटल्यासारखा दिसतो. तो दोष सर्वेक्षणाच्या वर्षांतील फरकाचा असतो. म्हणून शीटच्या तळाशी छापलेले सर्वेक्षणाचे वर्ष आणि छपाईचे वर्ष ही दोन्ही वेगवेगळी टिपावीत. छपाई नवी असली तरी आतला किनारा बराच जुना असू शकतो.

या शीटवर पाणी असलेला प्रवाह निळा आणि कोरडा प्रवाह काळ्या रेघेने दाखवतात. येऊरच्या डोंगरातून उतरणारे कित्येक नाले उन्हाळ्यात कोरडे असतात, त्यामुळे ते काळे दिसतात. काळी रेघ म्हणजे क्षुल्लक ओहोळ, असा अर्थ कोणी सुनावणीत काढू लागल्यास हा संकेत दाखवून द्यावा. प्रमाणाचीही मर्यादा आहे: १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर व्यापते. नाला कोणत्या दोन पाड्यांच्या मधून जात होता हे अशा शीटवरून सांगता येते, तो कोणाच्या कुंपणाच्या आत होता हे सांगता येत नाही.

सागरी तक्त्यांवरील जुने आकडे फॅदममध्ये असतात, एक फॅदम म्हणजे सहा फूट. ते आकडे तक्त्याच्या शून्यपातळीपासून मोजलेले असतात आणि ही पातळी मुंबईच्या सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. स्थलदर्शक नकाशातील उंची मात्र सरासरी समुद्रसपाटीपासून असते. हे दोन आकडे थेट एकमेकांतून वजा करणारे अहवाल मी पाहिले आहेत. त्यात भर म्हणजे मुंबई महापालिकेच्या आराखड्यांत टाऊन हॉल डेटम ही तिसरीच पातळी वापरलेली असते. आराखड्यावर पातळीचे नाव लिहिलेले नसेल, तर तो आकडा तुलनेसाठी वापरू नये. अलीकडच्या खोलीसाठी, २०१६ च्या कायद्याने जाहीर झालेल्या राष्ट्रीय जलमार्ग ५३ च्या, म्हणजे कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्गाच्या सर्वेक्षणाचे अहवाल उपयोगी पडतात.

चौथे काम: गॅझेटिअर, पुराभिलेख आणि गावातले ग्रंथालय

बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटिअरचे ठाणे जिल्ह्यावरील तेरावे आणि चौदावे खंड १८८२ चे आहेत आणि ते इंटरनेटवर मोफत वाचता येतात. तेराव्यात खाड्या, बंदरे, मीठ, खार जमिनी आणि धारणापद्धती येतात, चौदाव्यात गावांची वर्णने. यात नकाशा फारसा हाती लागत नाही, पण नकाशात काय शोधायचे ते कळते, म्हणून पुराभिलेखागारात जाण्याआधी हे वाचन उरकावे.

महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागार मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तेथे ‘ठाण्याचे तळे’ असा विषय सांगून काही मिळत नाही, कारण दप्तर विभागवार आणि वर्षवार लावलेले आहे. तळ्याची दुरुस्ती, धक्का आणि पूल सार्वजनिक बांधकाम विभागात, खार जमिनीचे पट्टे महसूल विभागात, नगरपालिकेचे पाणी आणि गटारे सामान्य विभागात, अशी आधी विभागणी करून त्या त्या वर्षाची सूची मागवावी. वर्षाचा अंदाज बांधायला काही पक्के टप्पे हाताशी असावेत. ठाणे १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतले, १७७४ मध्ये ते इंग्रजांकडे गेले. १८५३ मध्ये रेल्वे ठाण्यापर्यंत आली आणि पुढल्या वर्षी खाडी ओलांडून कल्याणला पोचली. नगरपालिका १८६३ ची, महानगरपालिका १९८२ ची. खाडीच्या काठाचा आकार बदलण्यात रेल्वेच्या भरावाचा वाटा मोठा असल्याने १८५४ च्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन नकाशे मिळाले तर फार चांगले. मराठा अमदानीचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी लिपीत आहेत, त्यासाठी मोडी वाचणारा जाणकार सोबत लागतो.

ठाण्यातच १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. जुनी स्मरणिका, नगरपालिकेच्या वर्धापनदिनाची पुस्तिका, शाळेचा किंवा देवस्थानाचा अहवाल असे जे कागद सरकारी दप्तरात कधीच जात नाहीत, ते अशा ठिकाणी विचारून पाहावेत.

पाचवे काम: नळ, गटार आणि जलवाहिन्या

ठाण्यातून जाणारी प्रत्येक मोठी जलवाहिनी ठाण्याची नसते, हे माहीत नसल्यामुळे अर्ज चुकीच्या कार्यालयात जातात. तानसा धरण १८९२ मध्ये मुंबईसाठी पूर्ण झाले, आणि तेथून ठाणे परिसरातून जाणाऱ्या वाहिन्या मुंबई महापालिकेच्या आहेत. त्यांचे आराखडे तिच्या जलअभियंता खात्याकडे असतात. ठाणे शहराला स्वतःच्या योजनेतून, शहाड-टेमघर प्राधिकरणाकडून, औद्योगिक विकास महामंडळाकडून आणि मुंबई महापालिकेकडून पाणी मिळते, म्हणजे एका प्रभागात चार वेगवेगळ्या मालकांच्या वाहिन्या असू शकतात. नवी मुंबईचे मुख्य पाणी मोरबे धरणाचे, पण १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने टाकलेले मूळ जाळे आणि औद्योगिक पट्ट्यातले महामंडळाचे जाळे वेगळे. अर्जात ‘काम पूर्णत्वाचा नकाशा’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर मंजुरीच्या वेळचा प्रस्तावित आराखडा हाती पडतो आणि प्रत्यक्षात वाहिनी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने गेलेली निघते.

नवी मुंबईत आणखी दोन कागद पाहावेत. पहिला धारण तलावांचा. सखल विभागांतले पावसाचे पाणी भरतीच्या वेळी तलावात साठवून ओहोटीला झडपांतून खाडीत सोडायचे, अशी तेथली रचना आहे, आणि प्रत्येक तलावाला जोडलेल्या नाल्यांचे पाणलोट क्षेत्र त्या आराखड्यात दाखवलेले असते. दुसरा भूसंपादनाचा निवाडा. ९५ गावांच्या जमिनीवर शहर वसल्यामुळे जुने सर्वे नंबर सेक्टर आणि प्लॉटच्या क्रमांकांत विरघळले आहेत. निवाड्यासोबतच्या संयुक्त मोजणीच्या नकाशाशिवाय जुन्या ओढ्यावर आज कोणता सेक्टर आहे हे ठरवणे कठीण जाते.

विकास आराखडा सर्वांना ठाऊक असतो, पण त्याआधी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली तयार होणारा विद्यमान जमीनवापर नकाशा फार कमी लोक मागतात. आराखडा पुढे काय व्हावे ते सांगतो, जमीनवापर नकाशा त्या वर्षी जागेवर काय होते ते नोंदवतो. ठाण्याचा आराखडा १९९९ मध्ये मंजूर झाला, त्यामुळे त्याच्यासाठी केलेली पाहणी ही घोडबंदर रस्त्यावरील बांधकामाची मोठी लाट येण्यापूर्वीची आहे.

सहावे काम: उपग्रहचित्रे आणि नकाशे एकमेकांवर बसवणे

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने घेतलेली कोरोना मालिकेची हेरगिरीची छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली आणि ती अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर शोधता येतात. १९६०-७२ या काळातली ही कृष्णधवल चित्रे त्यांतल्या उत्तरार्धात इतकी बारीक आहेत की बांध, मिठागराचे चौकोन आणि लहान तळी ओळखू येतात. १९७२ नंतर लँडसॅट ही अमेरिकी उपग्रहमालिका येते, पण तिच्या आरंभीच्या चित्रांहून बारीक अशा, १९८२ पासूनच्या ३० मीटरच्या चित्रातही एक हेक्टरचे तळे जेमतेम अकरा ठिपक्यांचे होते, म्हणून लँडसॅट खाडी आणि कांदळवनासाठी ठेवावे. चित्राची तारीखच नव्हे तर वेळही टिपावी आणि त्या वेळची भरती-ओहोटी पाहावी. ओहोटीचे चित्र आणि भरतीचे चित्र शेजारी ठेवून चिखलाचा पट्टा म्हणजे भराव, असे ठरवणे सोपे पण चुकीचे आहे.

नकाशे जुळवण्यासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. जुन्या नकाशावर आणि आजच्या चित्रावर जागा न बदललेली ठिकाणे खुणेसाठी निवडावीत: मासुंदा तलावाजवळचे कोपिनेश्वर मंदिर, सेंट जॉन चर्च, आज मध्यवर्ती कारागृह असलेल्या किल्ल्याचे बुरूज, रेल्वेपुलाचे टोक, गावविहीर. रस्त्याचे चौक खुणेसाठी घेऊ नयेत, ते रुंदीकरणात सरकतात, आणि किनाऱ्यावरचा बिंदू तर कधीही घेऊ नये, कारण किनाराच तपासायचा आहे. खुणा नकाशाच्या चारही कोपऱ्यांकडे पसरलेल्या असाव्यात. मोजणीचा नकाशा साध्या रूपांतरणाने बसतो. हाताने काढलेला रेखाटनवजा नकाशा लवचीक रूपांतरणाने बसवता येतो खरा, पण असा ताणून बसवलेला नकाशा अंतरे मोजण्यासाठी वापरू नये. जुन्या शीट एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती प्रतिरूपावर, आधारलेल्या असल्याने केवळ कोपऱ्यातील अक्षांश-रेखांश टाकल्यास सगळा नकाशा एका बाजूला सरकतो. सॉफ्टवेअरमध्ये योग्य गोलाभ निवडावा आणि नंतर प्रत्यक्ष खुणेवर पडताळून पाहावे.

सातवे काम: माहितीचा अधिकार, नेमका वापरून

जे सहज मिळत नाही त्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा लागतो. ‘तलावाची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज बहुधा ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ या उत्तराने परत येतो. त्याऐवजी ‘मौजे अमुक, सर्वे नंबर अमुक, यातील नाल्याच्या वळणास किंवा बंदिस्तीस दिलेल्या मंजुरीची धारिका तपासणीसाठी उपलब्ध करावी’ असे लिहावे. तपासणी हा माझ्या दृष्टीने प्रतींपेक्षा मोठा हक्क आहे. त्यातला पहिला तास विनाशुल्क असतो, आणि धारिका समोर आली की आपण कधी मागितलाच नसता असा कागद तिच्यात दिसतो, मग त्याची प्रमाणित प्रत मागता येते. जलवाहिन्यांच्या बाबतीत सुरक्षेचे कारण देऊन नकार मिळाल्यास संवेदनशील भाग वगळून उरलेला द्यावा, अशी कलम १० ची मागणी करावी आणि मुदतीत पहिले अपील दाखल करावे.

जागेवर जाणे आणि नोंद ठेवणे

कागद जमल्यावर पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा ती जागा पायी पाहावी. रस्त्याखालची मोरी, गटाराचा अवचित येणारा वाकडा कोन, कंपाउंड भिंतीचा अकारण तिरपा तुकडा, एका ओळीत उभी असलेली जुनी झाडे यांची स्थाने मोबाईलवर नोंदवावीत आणि नकाशावर टाकावीत. चेंदणी, विटावा, दिवाळे येथील कोळीवाड्यांत खाडीच्या प्रत्येक फाट्याला नाव असते. ते नाव, सांगणाऱ्याची संमती आणि तो काळ कोणता, एवढे लिहून घ्यावे. सांगणारा ‘पूर आला होता त्या वर्षी’ म्हणत असेल, तर वर्ष आपण स्वतः भरू नये, त्याचे शब्द तसेच ठेवावेत.

शेवटी जो नकाशा आपण तयार कराल, त्यावर प्रत्येक रेघेशेजारी चार गोष्टी लिहाव्यात: कागद कोणत्या खात्याचा, सर्वेक्षणाचे वर्ष, ऋतू किंवा भरतीची स्थिती, आणि प्रमाण. दोन स्वतंत्र कागदांनी सिद्ध झालेली रेघ अखंड काढावी, एकाच कागदावर आधारलेली तुटक आणि केवळ तोंडी माहितीवरची ठिपक्यांची. हरकत दाखल करताना अखंड रेघांपुरतेच म्हणणे मांडावे आणि त्यांच्या प्रमाणित प्रती जोडाव्यात. तुटक आणि ठिपक्यांच्या रेघांसाठी संयुक्त स्थळपाहणी व मोजणीची वेगळी मागणी करावी, आणि त्या पाहणीच्या दिवशी भरतीची वेळ किती वाजता आहे ते आधी पाहून तोच वेळ सुचवावा.